बहीजाला बोलतं करायचं

“असमा, बाईंना जाग आली की बोलतं कर हं,” डॉक्टर लक्ष्मीकांत म्हणाले आणि डोक्यावरची हिरवी टोपी काढून तिनेच कपाळ पुसत निघूनही गेले. एवढंच. रोजचं वाक्य. गळ्याचं ऑपरेशन झालेला पेशंट रिकव्हरीत आला की बीपी बघायचं, ड्रेनची बाटली बघायची, आणि पापण्या हलायला लागल्या की वाकून म्हणायचं, बोला बघू, ‘ई’ म्हणा. ती ‘ई’ स्वच्छ आली की समजायचं, आवाजाची नस शाबूत आहे. असमाने कितीजणांना असं बोलतं केलं होतं. एका बकालेवाल्याला, म्हणजे किराणा दुकानदाराला, एका शाळेच्या बाईंना, आणि वाळवंटातल्या एका म्हाताऱ्या बदूला तर असं, की त्याने ‘ई’ सोडून तिला शिव्याच घातल्या, आणि सगळं थिएटर खूश झालं, कारण शिव्या खणखणीत होत्या! पण आज तिचे हात असे गार पडले की पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवली तर नाडी कुणाची लागतेय तेच कळेना. ट्रॉलीवर बहीजा रमझी होती. पांढऱ्या चादरीखाली एवढीशी, केस पिकलेले, गळ्याला पट्टी, नाकाला ऑक्सिजन. आणि तिला बोलतं करायचं होतं असमाने, म्हणजे मुरूडच्या खाडीकाठच्या एका साध्या घरातल्या मुलीने, कुवेतमधल्या जाब्रियाच्या त्या लहानशा खाजगी हॉस्पिटलात, सकाळच्या ड्यूटीत, बाहेर सगळं जग नेहमीसारखं पार्किंगवरून भांडत असताना.

आता बहीजा रमझी म्हणजे कोण हे कसं सांगू! असमाला विचारलं असतं तर ती सांगत सुटली असती आणि तुमचा चहा गार झाला असता. नाईलच्या कालव्याकाठचं कुठलंसं गाव, आई लग्नात गायची, ही पोर शेजारी बसून डफ धरायची. मग सतराव्या वर्षी काहिरा, म्हणजे आपलं कैरो, आणि पहिल्याच सिनेमात स्वयंपाकघरात भांडी घासता घासता गाणारी मोलकरीण. गाणं एकच, पण लोक हिरॉइनला विसरले आणि मोलकरणीचं नाव विचारत थिएटरबाहेर उभे राहिले म्हणे. मग सिनेमेच सिनेमे. आंधळी झाली, मास्तरीण झाली, विधवा झाली, एका सिनेमात तर बड्या जमीनदार पाशाच्या थोबाडीत देते, अशी देते, आणि पाशा निघून गेल्यावर काय करते? रडत नाही, ओरडत नाही, नुसता आपला तळवा चोळते. लागलंय तिला. असमाने हे कुवेत टीव्हीवर गुरुवारच्या सिनेमात पाहिलं, आणि पुढे आठवडाभर कपडे धुताना, कांदा चिरताना तो तळवाच तिच्या डोळ्यांसमोर. कोण सांगतं असं करायला? डायरेक्टर नाही सांगत. ते बाईच्या आतूनच यायला पाहिजे. मग एके दिवशी बहीजाने सिनेमे सोडले. म्हणाली, आता चेहऱ्याचं काम पुरे, आता फक्त गळ्याचं. आणि तिथून पुढे जी गायली ती, बाप रे! मजीद, म्हणजे असमाचा नवरा, मीना अल-अहमदीला रिफायनरीत फिटर, तो म्हणायचा, “घरात माझ्या पगाराच्या वस्तू कमी नि हिच्या कॅसेटी जास्त झाल्यान.” पण गाडीत तोच लावायचा ना कॅसेट! खैरानला समुद्रावर गेले की पूर्ण रस्ता बहीजाच. विचारलं तर म्हणायचा, “माना झोप येऊ नये म्हणून लावतंय गो.”

आणि असमाला ती पहिल्यांदा भेटली ते कसं, ते तर ऐकाच. पंच्याहत्तर साल. असमा कुवेतला नवीकोरी, मुंबईला नर्सिंग शिकलेली, पण अरबी म्हणजे काय? लहानपणी मदरशात बसून पाठ केलेलं, अर्थ माहीत नाही पण ओठांवर चढलेलं. त्यांच्या घरी अरबी कानावर पडलं की बायकांचे हात आपोआप डोक्याकडे जायचे. चुलीपाशी असोत, मासे साफ करत असोत, पदर डोक्यावर. कारण अरबी म्हणजे तिलावत, कुराणाचं पठण, दुसरं काही असतं हेच तिथे कुणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. तर विमानतळावरून टॅक्सीत बसली, मजीद पुढे, ही मागे सामानात दबलेली, बाहेर नुसतं ऊन आणि वाळू आणि पोटात भीती, आणि टॅक्सीच्या रेडिओवर एक बाई गायला लागली. अरबीत. एवढी संथ, एवढी खोल, आणि एक एक अक्षर असं उलगडून ठेवत की असमाने चटकन ओढणी डोक्यावर घेतली, नजर खाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी. घर सोडल्यापासून रडली नव्हती ती. टॅक्सीवाला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, त्याने आरशात पाहिलं आणि काही कळेना त्याला. मग मजीदने मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं असेल, आणि तो माणूस असा हसला, असा हसला की त्याने गाडी कडेला घेतली! ती बाई काय गात होती? अरे, ती विचारत होती, दिवा लावून ठेवला होता, अत्तर लावून बसले होते, का आला नाहीस? मजीद तर पुढे वर्षभर चिडवायचा, “पुन्य पडला तुला मिसरी बाईच्या लफड्याचा!” असमाही हसायची. पण हात काही ऐकेना. बहीजाचा आवाज आला की हात डोक्याकडे निघायचा. टीव्हीसमोर एकटी बसली असली तरी. चूक होती हे कळलं होतं, सगळं कळलं होतं, आणि तरी तिला आत कुठेतरी वाटायचं, की हातालाच जास्त कळतंय.

“असमा, उठल्या का बाई?” दारातून शामलाने डोकं घातलं. ही शामला म्हणजे पुण्याची, सदाशिव पेठेची, असमाच्या बरोबरीची स्टाफ नर्स, जीभ अशी की कात्री. “बाहेर त्यांची भाची लैला माळ ओढत बसलीय, मला म्हणते, आँटी गायल्या का? मी म्हटलं, बये, ऑपरेशन होतं, जलसा नव्हता.” असमाने मान हलवली. शामलाने असमाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि दार हळूच ओढून गेली. शामलालाही ठाऊक होतं ना. मागे एका सुट्टीच्या संध्याकाळी दोघींनी मिळून बहीजाचा कार्यक्रम टीव्हीवर पाहिला होता. हॉल भरलेला, सूटबूटवाले गृहस्थ, आणि बहीजा काळ्या झग्यात, हातात रुमाल, एकच ओळ म्हणते आणि लोक उठून उभे राहून ओरडतात, कमान! कमान! म्हणजे आणखी, आणखी. शामला टुणकन उडाली होती, “अगं, हा तर वन्स मोअर! आमचे आजोबा नाटकाला जाऊन घसा बसेपर्यंत हेच करायचे की!” पण मग ती परत खाली बसली, कारण आपल्याकडे वन्स मोअर म्हणजे तेच पद पुन्हा, आणि ही बाई तीच ओळ पुन्हा म्हणत होती आणि ती ओळ तीच नव्हती. आधी विनवणी होती, मग टोमणा झाला, मग ती ओळ हसली, हो, हसली, आणि मग शेवटी असं काही झालं की हॉलमधल्या एका जाड्या गृहस्थाने चष्मा काढून ठेवला आणि तोंड झाकलं. एकच ओळ! शामला म्हणाली, “असमा, ही बाई एका वाक्यात आख्खा संसार करते गं.” असमाची ओढणी डोक्यावर होती आणि शामलाने, चक्क शामलाने, त्यावरून थट्टा केली नाही.

आणि त्याच गळ्यावर आता टाके. असमाने पट्टीकडे पाहिलं, कोरडी होती. श्वास नीट चालला होता, खरखर नव्हती, आणि हेच तर पाहिजे होतं ना, श्वास! कारण ती गाठ वाढत वाढत श्वासनळीवर बसली होती. काहिऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, लंडनच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढा, आणि बहीजा प्रत्येक वेळी उठून घरी. म्हणे, गाठीशेजारून आवाजाची नस जाते, चुकून धक्का लागला तर? इथे भाचीकडे राहायला आली, एका दुपारी गुदमरली, लैलाने रडत रडत हॉस्पिटलात आणली. डॉक्टर लक्ष्मीकांत सोलापूरचे, सरळ माणूस, म्हणाले, मी नस जपेन, वचन देत नाही. आणि काल सकाळी, सगळी तयारी झालेली असताना, बहीजाने चपला घातल्या. नाही करायचं. लैला विनवतेय, डॉक्टर हात जोडतायत, नाही म्हणजे नाही. मग सगळे कंटाळून बाहेर गेले आणि खोलीत उरली असमा, हातात टॉवेल, धुवायला टाकायचा होता. बहीजा खिडकीपाशी उभी राहिली आणि स्वतःशीच, अगदी हळू, एक ओळ गुणगुणली. जणू घर सोडण्याआधी माणूस कुलूप ओढून बघतो तसं. आणि असमाचा हात गेला. ओढणी नव्हती तर हातात जे होतं ते. टॉवेल! हॉस्पिटलचा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल डोक्यावर घेऊन, मान खाली घालून, भिंतीशी उभी.

बहीजा वळली. “हे काय, या बिन्ती?” म्हणजे पोरी, हे काय. असमाला वाटलं जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. पण विचारलंय म्हणजे सांगायला हवं. तिने आपल्या नर्सिंगच्या अरबीत, जीत दुखतंय का आणि सुई टोचते आणि लघवी झाली का एवढंच धड येतं, त्या अरबीत सगळं सांगितलं. आमचं गाव. आई. टॅक्सी. मला वाटलं तिलावत आहे. मग कळलं. मग तरी हात. बहीजा ऐकत राहिली, डोळे बारीक करून, पाशाकडे बघायची तशी. “टॅक्सीत कुठलं गाणं होतं?” दिव्याचं, असमा म्हणाली. “ते?” बहीजाच्या भुवया वर. “ते गायले तेव्हा मला ताप होता, आणि व्हायोलिनवाल्याशी माझं असं भांडण झालं होतं की मी प्रत्येक ओळीत त्याला मनातल्या मनात शिव्या देत होते. आणि तू त्यावर डोकं झाकलंस!” आणि ती हसली. मनापासून, पोट धरून, गावच्या बाईसारखी हसली, आणि हसता हसता श्वास अडकला. ओठ निळे. असमाने टॉवेल फेकला, तिला बसवलं, पाठ धरली, ऑक्सिजन ओढला. बऱ्याच वेळाने रंग परतला. बहीजाने असमाचा हात सोडला नव्हता. तिने पायातल्या चपला पायानेच काढल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि म्हणाली, “चल. घेऊन चल मला. कर म्हणावं काय करायचं ते.”

श्वास नीट स्थिरावू दे म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन दुसऱ्या सकाळवर ठेवलं. हे सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी असमाची पाठ थोपटली. लैलाने मिठी मारली. मजीदला घरी सांगितलं तर तो म्हणाला, “तुझ्या टावेलान ऑपरेशन करवलान की गो!” आणि ती हसली, आणि मग भात वाढता वाढता एकदम तिच्या मनात आलं, आणि आवाज गेला तर? गेला तर कुणामुळे? ते जे आत शिरलं ते शिरलंच. सकाळी मजीद रिफायनरीच्या बसला निघताना म्हणाला, “ताँड असा काय केलंस? नस डॉक्टर बघल, तू कशाला?” त्याला काय सांगणार. बहीजा लंडनहून उठून आली होती, काहिऱ्याहून उठून आली होती, आणि इथे एका नर्सने डोक्यावर टॉवेल घेतला म्हणून आडवी झाली. त्या हॉलमधला चष्मा काढणारा गृहस्थ, तो टॅक्सीवाला, गुरुवारी टीव्हीसमोर बसणाऱ्या सगळ्या घरांतल्या सगळ्या बायका असमाला दिसायला लागल्या, रांगेने, आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

“बोलल्या?” डॉक्टर परत आले. “झोपेत आहेत अजून, सर,” असमा म्हणाली. खोटं. पापण्या केव्हाच्या हलत होत्या. डॉक्टरांनी एकदा पेशंटकडे पाहिलं, एकदा असमाकडे. “अगं, विचारल्याशिवाय कळणार कसं?” ते हळूच म्हणाले. “आणि जे झालंय ते होऊन गेलंय. तू उशीर केलास म्हणून बदलणार नाहीये.” मग असमा वाकली. या सित्त बहीजा, म्हणजे अहो बहीजाबाई. डोळे उघडले, मोठे, काळे, सिनेमातले डोळे, इतक्या जवळून. बोला, असमा म्हणाली, ‘ई’ म्हणा. बहीजाने ओठ ताणले. आधी नुसती हवा आली. मग काहीतरी आलं, सुकलेलं पान फरशीवरून घासत जावं तसं, आणि तेही अर्ध्यात तुटलं. पुन्हा, डॉक्टर म्हणाले. पुन्हा तेच. डॉक्टरांनी नंतर बाहेर लैलाला समजावलं, नस तुटलेली नाही, पण गाठ तिला चिकटून होती, सोडवताना ओढ बसली, महिने लागतील, बोलणं येईल, पण वरचे सूर, ते मात्र सांगता येत नाही. लैला भिंतीला टेकून खाली बसली. आणि बहीजा? असमा बघत होती ना. बहीजाने डोळे मिटले नाहीत, रडली नाही. तिने मान जराशी कलती केली, कान लावतात तशी, जणू ते पान कुणा दुसऱ्याच्या घरात घासलं आणि तिला नीट ऐकायचंय, कुठून आला तो आवाज.

त्यानंतर असमाने ती खोलीच टाळली. ड्यूटी बदलून घेतली, औषधं शामलाकडून पाठवली, कॉरिडॉरने जाताना लांबचा वळसा. शामलाने एक दिवस चालू दिलं, दोन दिवस चालू दिलं, मग ट्रे तिच्या हातात आपटला. “मी काय तुझी पोस्टमन आहे? बाई मला रोज खुणेने विचारतात, टॉवेलवाली कुठे? हातवारे करून! मला वाटलं टॉवेल मागतायत, मी तीन नेऊन दिले. जा आता.” “मला नाही जमणार, शामला.” “का? त्या तुला खातात?” “माझ्यामुळे झालं.” शामला कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. “असमा, तू फार म्हणजे फारच मोठी झालीस गं. एवढा मोठा सर्जन, एवढी मोठी गाठ, एवढी मोठी बाई, आणि सगळं झालं कुणामुळे, तर तुझ्यामुळे. जा, औषध दे आणि ये.”

दार अर्धवट उघडं होतं. आत खिडकीतला एसी घरघरत होता, जुना, त्याची तक्रार कितीदा गेली असेल. बहीजा पाठमोरी, पलंगाच्या कडेला, एक हात बरगड्यांवर. आणि असमाला आधी वाटलं एसीच आणखी बिघडलाय. एसीच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, जाड, खरखरीत, पुरुषाचा असावा इतका खाली, उठायचा, डळमळायचा, तुटायचा. पुन्हा उठायचा. असमाने ट्रे ठेवला, एसी बंद करायला हात पुढे केला, पेशंटला त्रास नको म्हणून, आणि तिचं मनगट पकडलं गेलं. “राहू दे,” बहीजा म्हणाली. कुजबुजच ती, पण शब्द स्पष्ट. “तोच तर सूर धरून देतोय मला. बाकी कोण आहे इथे?” आणि तिने पुन्हा डोळे मिटून तो सूर लावला. यावेळी एसीला जाऊन मिळाला, चिकटला, थरथरत उभा राहिला, एक श्वास, पूर्ण एक श्वासभर. त्यात गोडवा नव्हता. कॅसेटीतलं काहीच नव्हतं. पण असमाच्या पोटरीवर काटा आला, कारण ती ओळखत होती हे. एकच ओळ घेऊन तिच्या मागे लागणारी, ती काय काय होऊ शकते ते बघितल्याशिवाय न सोडणारी जी बाई होती, ती इथे होती, पूर्ण, गाठीसोबत कापून काढता न आलेली.

“वरचं गेलं,” बहीजा म्हणाली. साधेपणाने, मीठ संपलं म्हणावं तसं. असमाच्या तोंडून मग ते सगळं सांडलं, मी तसं केलं नसतं, तुम्ही हसला नसता, तुम्ही गेला असता उठून. बहीजा ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर राग आला, खरा, पाशाच्या वेळचा. “तुझ्या टॉवेलसाठी आडवी झाले मी? कोण समजतेस तू स्वतःला? मला श्वास पाहिजे होता! श्वास नसता तर वरचं आणि खालचं, कुठलं गाणं?” दम लागला तिला, थांबावं लागलं. मग हात हलवला, जाऊ दे असा. “आणि हे बघ. इतकी वर्षं मी वरतीच राहिले. लोकांना वर आवडायचं, मी वर जायची. हे खालचं घर मी कधी उघडलंच नव्हतं. अंधार आहे, धूळ आहे. पण खोल्या आहेत, पोरी. मला ऐकू येतंय, खोल्या आहेत.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाच्यातरी ट्रॉलीचं चाक वाजत गेलं, लैला कुणाशीतरी बोलत येत होती. बहीजा एकदम सावध झाली, अंगावरची शाल नीट केली, स्टेजवर जायच्या आधी करत असेल तशी. “दार लाव,” ती म्हणाली. “अजून कच्चं आहे. कुणाच्या कानावर जायला नको.” असमाने मान हलवली, ट्रे उचलला, बाहेर पडली आणि दार ओढून घेऊ लागली.

“अगं बाहेरून काय लावतेस,” आतून तो जाड, खरबरीत आवाज आला. “आत ये आणि लाव.”